ऑपरेशननंतर उरलेले डोळ्यांचे थेंब घरात दुसऱ्या कुणाला चालतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काही महिन्यांपूर्वी झालं. तेव्हाची थेंबांची अर्धी बाटली फ्रीजमध्ये आहे, तिच्यावर मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आणि डेक्सामेथासोन असं लिहिलंय. पावसाळ्यात मुलाचे डोळे आले तेव्हा तेच थेंब घातले, दोन दिवसांत लाली गेली. मग जाऊबाईंच्या मुलीलाही घातले. आता सासऱ्यांच्या डोळ्याला शेतात उसाचं पान लागलंय आणि चार दिवस तेच थेंब चालू आहेत. लाली कमी आहे, पण धूसर दिसतं आणि उजेडाकडे बघवत नाही. थेंब चालू ठेवावेत, की घरात सोफ्रामायसिनची ट्यूब आहे ती लावावी? आणि फ्रीजमध्ये ठेवलेली बाटली किती दिवस चालते?

ताई, सासऱ्यांना आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पुढचं उत्तर रात्री वाचलंत तरी चालेल. ते थेंब आत्तापासून बंद. सोफ्रामायसिन नको, मध नको, गुलाबपाणी नको. डोळ्यावर घट्ट पट्टीही बांधू नका. जाताना ती बाटली पिशवीत टाका आणि पान कधी लागलं, थेंब कधीपासून चालू आहेत, दिवसातून किती वेळा घातले, हे आडपडदा न ठेवता सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लोक बाटली घरी ठेवतात आणि "काहीच घातलं नाही" असं सांगतात. मग आम्ही डॉक्टर चुकीच्या वाटेने विचार करत बसतो आणि त्यात दिवस जातात. रागावले तर रागावू देत.

एवढी घाई का, ते त्या बाटलीवरच लिहिलेलं आहे. तिच्यात दोन औषधं आहेत. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक, ते जिवाणूंना मारतं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, ते कोणत्याही जंतूला मारत नाही. ते सूज आणि लाली दाबतं, आणि ती दाबताना जंतूंशी झगडणाऱ्या शरीराच्या पेशींनाही थोपवून धरतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हीच जोडी योग्य असते. तिथे जखम निर्जंतुक वातावरणात झालेली असते, डोळा आतून तपासलेला असतो, आणि थेंब दर आठवड्याला कमी करत नेण्याचा कागद हातात दिलेला असतो. उसाच्या पानाची जखम ही वेगळीच गोष्ट. त्या पानाच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. ते बुबुळावरून घासत गेले की वरचा नाजूक थर सोलला जातो, आणि पानावरच्या बुरशीचे कण थेट त्या जागी बसतात. फ्युजेरियम, ॲस्परजिलस या बुरशी शेतात, पाचटात, मळणीच्या धुरळ्यात सगळीकडे असतात. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन बुरशीला काही करत नाही. आणि स्टेरॉइड तिला मोकळं रान देतं.

म्हणून "लाली कमी आहे" हे तुमचं वाक्य वाचून मला बरं वाटलं नाही. स्टेरॉइडने लाली कमी होणारच, ते त्याचं कामच आहे. खाली बुबुळावरची जखम मात्र वाढत असते. धूसर दिसणं आणि उजेड न सोसणं ही दोन लक्षणं खरं सांगताहेत. लालीवर विश्वास ठेवू नका.

तिथे काय होईल तेही सांगतो, म्हणजे सासरे घाबरणार नाहीत. डॉक्टर एक केशरी कागदाची पट्टी पापणीच्या आत टेकवतील. तिचा रंग डोळ्यात पसरतो आणि निळ्या उजेडात जखम हिरवी चमकते. बुरशीची जखम साधारण कोरडी, राखाडी-पांढरी दिसते. तिच्या कडा पिसासारख्या फुटलेल्या असतात आणि कधी शेजारी एक-दोन छोटे ठिपके वेगळे पडलेले असतात. दिसायला हे एवढं असूनही ठणका कधी कधी मानाने कमी असतो, त्यामुळे माणूस आणखी चार दिवस काढतो. तसं काही दिसलं तर बधिर करणारा थेंब टाकून जखमेच्या कडेचा थोडा भाग हलकेच खरवडतात आणि काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे असतील तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे कळतं. म्हणूनच निघण्याआधी घरी नवं औषध घालू नका म्हटलं. नमुना स्वच्छ मिळायला हवा. बुरशी निघालीच तर नाटामायसिनचे ५ टक्क्यांचे थेंब लागतात, सुरुवातीला तासातासाला, आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. लवकर पकडलं तर डोळा वाचतो. उशीर झाला तर बुबुळावर कायमचं फूल पडतं, आणि काहींना बुबुळ बदलण्याची वेळ येते. कदाचित सासऱ्यांना यातलं काहीच नसेल, नुसतं खरचटलेलं असेल. पण ते यंत्राखाली बघितल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही आणि तुमच्या मेडिकलवाल्यालाही नाही.

मग पान लागलं त्या दिवशी काय करायला हवं होतं? अँटिबायोटिक मलमाची खरी उपयुक्तता याच ठिकाणी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. नेपाळमधल्या भक्तपूर भागात सुमारे ३५ हजार वस्तीत गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना दोन वर्षं एक काम दिलं होतं. त्याचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. डोळ्याला इजा झालेला माणूस आला की बुबुळ खरचटलंय का ते बघायचं, आणि खरचटलं असेल तर १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं डोळ्यांचं मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस लावायचं. असे ४४२ जण सापडले. ज्या २८४ जणांचं मलम इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत सुरू झालं, त्यांच्यापैकी एकालाही जखम चिघळून व्रण झाला नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांमध्ये मात्र १४ जणांना झाला. औषध तेच, ट्यूब तीच, फरक फक्त एका दिवसाचा. आणि त्या मलमात स्टेरॉइड नव्हतं, हे पुन्हा सांगतो. तेव्हा ऊस, भात, ज्वारीचं धाट, मळणीचा कण, बांबूचं टोक, काहीही डोळ्याला लागलं की स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, चोळू नका, आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तोडणीच्या हंगामात "संध्याकाळी टोळी सुटल्यावर बघू" असं म्हणतात आणि त्या संध्याकाळचा आठवडा होतो.

आता मुलाच्या डोळ्यांकडे वळतो. डोळे येण्याची साथ बहुतेक वेळा विषाणूंची असते. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरू होऊन राज्यभर पसरलेली साथ आठवत असेल, तीही विषाणूचीच होती. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, मग ते कितीही महागाचं असो. असे डोळे एक ते दोन आठवड्यांत आपले आपणच बरे होतात. जिवाणूमुळे आलेले डोळेसुद्धा पुष्कळदा आठवडाभरात निवळतात, थेंबांनी ते दिवस थोडे कमी होतात इतकंच. तुमच्या मुलाची लाली दोन दिवसांत गेली ती स्टेरॉइडमुळे दबली असणार, आणि तो तसाही बरा होणारच होता. श्रेय बाटलीला मिळालं. घरोघरी अशाच एखाद्या अनुभवावर बाटलीची ख्याती होते आणि मग ती शेजारी फिरते.

यात एक धोका असा की विषाणूंमध्ये नागिणीच्या जातीचा हर्पीसही असतो. तोही सुरुवातीला साध्या लाल डोळ्यासारखाच दिसतो, बहुतेक वेळा एकाच डोळ्यात. त्यावर स्टेरॉइड पडलं तर बुबुळावरचा व्रण झाडाच्या फांद्यांसारखा पसरत जातो. साथीत आलेल्या डोळ्यांतही काहींना पुढे बुबुळावर बारीक ठिपके येऊन धूसर दिसतं आणि तेव्हा आम्हीच मोजून स्टेरॉइड देतो. म्हणजे स्टेरॉइड हे विष नाही. कुणाला, केव्हा आणि किती दिवस, हे डोळा बघून ठरवायचं औषध आहे. ऑपरेशननंतर दिलेलं स्टेरॉइड तर मनाने मध्येच बंदही करायचं नसतं. हे वाचून सासूबाईंच्या वयाच्या कुणी चालू थेंब सोडून देऊ नयेत.

डोळे आलेल्या मुलाला घरी काय करायचं, ते सोपं आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून चिपडं आतल्या कोपऱ्यापासून बाहेर पुसायची, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस, आणि तो लगेच टाकून द्यायचा. टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा. हात साबणाने धुवायचे, त्याचेही आणि तुमचेही. डोळ्यांतून पाणी येतंय आणि ते लाल आहेत तोवर शाळा नको. पांढरी-पिवळी घट्ट चिपडं येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील, तर डॉक्टर नुसत्या अँटिबायोटिकचे थेंब देतील, ते सांगितले तितके दिवस घाला. लाली गेली म्हणून दुसऱ्या दिवशी बंद, पुन्हा आली की पुन्हा सुरू, असं केल्याने अर्धमेले जिवाणू औषधाला सरावतात. आणि एका मुलाची बाटली दुसऱ्याला नाही. साथीच्या दिवसांत तोंडाशी विषाणू लागलेली बाटली हेच साथ पसरवायचं साधन होतं. जाऊबाईंच्या मुलीच्या डोळ्याला आता खाज किंवा लाली असेल तर तिलाही दाखवून घ्या.

शाळकरी मुलांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण इथे नुकसान गाजावाजा न करता होतं. उन्हाळा लागला की काही मुलांचे डोळे खूप खाजतात, मूल मुठीने डोळे चोळत राहतं, पांढरा भाग मळकट-तपकिरी दिसायला लागतो. ही ॲलर्जी आहे, दरवर्षी येते. एकदा कुणीतरी अँटिबायोटिक-स्टेरॉइडची जोडी देतं, खाज दोन दिवसांत थांबते, आणि मग आई-वडील दरवर्षी रिकामी बाटली दाखवून मेडिकलमधून तीच आणत राहतात. महिनोन्महिने. स्टेरॉइडने काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो दुखत नाही, लाल होत नाही, मुलाला काही कळत नाही. मागची नस सुकत जाते आणि बाजूची नजर आधी जाते. हा काचबिंदू. आमच्याकडे अशी मुलं "फळ्यावरचं दिसत नाही" म्हणून चष्म्याच्या नंबरासाठी येतात आणि नस तपासल्यावर वेगळंच निघतं. गेलेली नजर परत येत नाही. शिवाय जास्त दिवसांच्या स्टेरॉइडने लहान वयात मोतीबिंदूही होतो.

म्हणून बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. ब्रँडचं मोठं नाव सोडून द्या, त्याखाली लहान अक्षरांत घटक लिहिलेले असतात ते बघा. शेवटी 'सोन' किंवा 'सोलोन' असेल तर स्टेरॉइड समजा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन. लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन, डायफ्लुप्रेडनेट ही त्यांचीच भावंडं. अडचण अशी की कित्येक कंपन्यांत साध्या अँटिबायोटिकचं आणि स्टेरॉइडच्या जोडीचं नाव एकच असतं, पुढे नुसतं 'डी' किंवा 'डीएक्स' लागतं. फोनवरून नाव सांगताना ते एक अक्षर गळतं. खोक्यावरची लाल उभी रेषा म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही असं औषध. ती रेषा असूनही काउंटरवर ते सहज मिळतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

थेंब घालण्याची पद्धत सांगतो, कारण बरोबर औषधही चुकीच्या हाताने वाया जातं. पहिली गोष्ट बाटली उघडण्याची. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांचं तोंड बंद येतं आणि झाकणाच्या आत एक छोटा काटा असतो. झाकण पूर्ण आवळलं की तो काटा तोंडाला नेमकं छिद्र पाडतो. हे न कळल्यामुळे लोक सेफ्टी पिन किंवा शिवणाची सुई खुपसतात. पिनेवरची घाण आत जाते, छिद्र मोठं पडतं, थेंबाऐवजी धार येते आणि पाच मिलीची बाटली चार दिवसांत संपते. सूचनापत्रक एकदा वाचा आणि उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवरच लिहा. खोक्यावर नको, खोकं पहिल्याच दिवशी हरवतं.

हात धुवा. मान मागे करा किंवा आडवे व्हा, वर छताकडे बघा, खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढा म्हणजे एक खळगी तयार होते. तिथे एक थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला लागता कामा नये. ते लागलं की डोळ्यातले जंतू बाटलीत जातात आणि पुढच्या वेळी परत येतात. थेंब पडल्यावर डोळा अलगद मिटा. घट्ट आवळू नका, मिचकावू नका. नाकाजवळचा आतला कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून ठेवा. तिथून अश्रुनलिका नाकात उतरते. क्लोरॅम्फेनिकॉल घातल्यावर घशात कडू लागतं ते याच वाटेने. कडू लागलं तर समजा, औषध डोळ्याऐवजी घशात गेलं. काचबिंदूचे काही थेंब, उदाहरणार्थ टिमोलॉल, याच वाटेने रक्तात जाऊन दम्याच्या माणसाला धाप लावू शकतात, तिथे कोपरा दाबणं फारच महत्त्वाचं.

एकच थेंब पुरतो. डोळ्याच्या त्या खळगीत एक थेंबसुद्धा पूर्ण मावत नाही, उरलेला गालावरून ओघळतो. दोन-तीन थेंब टाकून गुण लवकर येत नाही, बाटली लवकर संपते. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. मलम नेहमी शेवटी, कारण ते तेलकट असतं आणि त्यावर थेंब टिकत नाही. मलमाची एक सेंटीमीटरभर रेघ खालच्या पापणीच्या आत सोडा, डोळा मिटून बुबुळ इकडेतिकडे फिरवा. काही मिनिटं धूसर दिसेल, ते ठीक आहे. म्हणूनच मलम झोपताना लावतात. लावून लगेच गाडी काढू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स काढूनच थेंब घालावेत, आणि डोळा लाल असताना लेन्स घालूच नये. लेन्सवाल्याचा लाल, दुखरा डोळा हा तातडीने दाखवायचा डोळा.

लहान मूल डोळा उघडतच नसेल तर झटापट करू नका. त्याला उताणं झोपवा, मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब टाका आणि गोष्ट सांगत बसा. मूल केव्हातरी डोळा उघडतंच, तेव्हा थेंब आपोआप आत जातो.

सोफ्रामायसिनचं विचारलंत. ती त्वचेची ट्यूब आहे, डोळ्यात घालायची नाही. डोळ्यांच्या मलमावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि ते निर्जंतुक करून भरलेलं असतं. त्वचेच्या क्रीमला तो नियम नाही, शिवाय त्यातले इतर घटक बुबुळाला झोंबतात. पापणीवर रांजणवाडी आली तरी लोक ती ट्यूब चोपडतात. रांजणवाडीला स्वच्छ कापडाने गरम शेक, दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं, हेच बहुतेक वेळा पुरतं. फोडायची नाही.

आणि खरं सांगायचं तर साध्या खरचटण्याला त्वचेवरही अँटिबायोटिक मलमाची फारशी गरज नसते. १९९६ साली अमेरिकेत त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या ९०० हून अधिक रुग्णांवर एक अभ्यास झाला होता. निम्म्यांच्या जखमेला बॅसिट्रॅसिन मलम, निम्म्यांच्या जखमेला नुसतं पांढरं पेट्रोलियम जेली. जंतुसंसर्गात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, उलट मलमवाल्यांतल्या चौघांना त्याचीच ॲलर्जी आली, जेलीवाल्यांत एकालाही नाही. वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुणं हा निम्म्याहून अधिक उपचार. मग जेलीचा पातळ थर आणि स्वच्छ पट्टी. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते मात्र आठवून बघा, मलमाने त्याची भरपाई होत नाही.

मलमाच्या ॲलर्जीची एक खूण ध्यानात ठेवा. फ्रामायसेटिन (सोफ्रामायसिनमधलं औषध) आणि निओमायसिन ही एकाच कुळातली औषधं, आणि त्यांची ॲलर्जी बऱ्यापैकी दिसते. पहिले चार-पाच दिवस काही होत नाही. मग जखमेभोवतीची कातडी लाल होते, खाजते, बारीक पाणी सुटतं. माणसाला वाटतं जखम पिकली, म्हणून तो आणखी मलम लावतो, आणि ते आणखी वाढतं. दुखण्यापेक्षा खाज जास्त असेल तर मलम बंद करून बघा.

गजकर्णाची तर वेगळीच कथा आहे. अँटिबायोटिक, बुरशीनाशक आणि क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉइड, असं सगळं एकत्र केलेल्या क्रीम आपल्याकडे वर्षानुवर्षं गल्लोगल्ली विकल्या गेल्या. खाज एका रात्रीत थांबते, चकतीचा आकार बिघडतो, आणि बुरशी आत पसरत राहते. आज साध्या औषधांना न जुमानणारं गजकर्ण घराघरांत फिरतंय त्यामागे या ट्यूबांचा मोठा हात आहे. जांघेत, चेहऱ्यावर त्या वापरल्याने कातडी पातळ पडते ते आणखी वेगळं. त्वचेच्या अशा अनेक स्टेरॉइडना २०१८ मध्ये चिठ्ठीच्या औषधांच्या यादीत घातलं गेलं. त्वचेवर काय लावायचं ते त्वचेच्या डॉक्टरांनी सांगावं, मी इथेच थांबतो.

काही प्रसंगी मात्र कुठलंही मलम, कुठलेही थेंब आधी नाहीत. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलं दाबून फोडतात आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना बुबुळ जाळत आत जातो. नळाखाली, तांब्याने, बाटलीने, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने किमान १५ ते ३० मिनिटं डोळा उघडा धरून धुवा, पापणीखाली अडकलेले कण ओल्या कापसाने काढा, आणि मग दवाखाना. आधी दवाखाना आणि तिथे धुणं असं केलं तर रस्त्यातली वीस मिनिटं बुबुळ जळत राहतं. वेल्डिंगच्या झोताने रात्री डोळे आग आग होतात, तेव्हा वर्कशॉपमध्ये बधिर करणारे थेंब हातोहात फिरतात. ते घातले की दहा-पंधरा मिनिटं स्वर्ग, मग पुन्हा आग, पुन्हा थेंब. त्या थेंबांनी बुबुळाची वरची कातडी भरून येत नाही आणि रोज वापरले तर बुबुळ विरघळायला लागतं. ते दवाखान्यात डॉक्टरांनी एकदा टाकायचं औषध आहे, खिशात ठेवायचं नाही.

नवजात बाळाच्या डोळ्यातून पहिल्या महिन्यात पू आला तर तो त्याच दिवशी दाखवायचा. आईचं दूध नको, काजळ तर नकोच. दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या एका डोळ्यातून नुसतं पाणी येत असेल, डोळा लाल नसेल, तर बहुधा अश्रुनलिका उघडायची राहिलेली असते. डॉक्टरांकडून मालिश शिकून घ्या. वर्षभरात बहुतेकांची उघडते, त्यासाठी महिनोन्महिने अँटिबायोटिक लागत नाही.

राहिला फ्रीजचा प्रश्न. फ्रीजमध्ये ठेवल्याने उघडलेली बाटली म्हातारी व्हायची थांबत नाही. खोक्यावरची मुदत ही न उघडलेल्या बाटलीची असते. एकदा छिद्र पडलं की महिनाभर, त्यानंतर आत कितीही उरलेलं असो, टाकून द्यायची. काही थेंब मुळातच थंड ठेवायचे असतात, तसं बाटलीवर लिहिलेलं असतं. इतरांना कपाटातली थंड, अंधारी जागा पुरते. खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर, टीव्हीवर ठेवू नका. कानाच्या थेंबांची बाटली आणि फेव्हिक्विकची बाटली डोळ्यांच्या औषधाशेजारी तर अजिबात ठेवू नका. रात्री चष्म्याशिवाय उठलेल्या आजोबांना तिन्ही सारख्याच दिसतात, आणि गोंदाने पापण्या चिकटलेले रुग्ण खरोखर येतात.

सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ठरलं, तर तेव्हा नवीन थेंब मिळतील. उरलेली बाटली त्यासाठी राखून ठेवू नका. डॉक्टरांना दाखवून झाली की झाकण लावून, कागदात गुंडाळून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी कचऱ्यात टाका.